खुडूक कोंबडी एकविसाव्या दिवशी उठली, बदकाची अंडी तशीच पडली! काय करू?

गिरणाकाठ | ४ एप्रिल, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. भडगावजवळच्या खेड्यात राहते. घरी सात-आठ गावरान कोंबड्या आहेत. कालपर्यंत सगळं बरं चाललं होतं, आज पहाटेपासून डोकं फिरलंय.

आमची तांबडी मार्चमध्ये खुडूक झाली. त्याच सुमारास चिरंजीव (पाचवीत आहेत) मामाकडून बदकाची सहा अंडी घेऊन आले. मामाच्या शेततळ्यावर पांढरी बदकं आहेत. म्हटलं, बसलीच आहे तर बसू दे. पाच तिची आणि सहा बदकाची, अशी अकरा अंडी १३ मार्चच्या रात्री तिच्याखाली सारली. काल एकविसावा दिवस होता. चार पिल्लं निघाली, पाचवं अंडं गारच राहिलं. आज सकाळी बघते तर बाई पिल्लं घेऊन अंगणात उकिरडा उकरतेय आणि बदकाची अंडी टोपलीत उघडी. हात लावला तर जेमतेम कोमट.

भावाला फोन केला. तो आरामात म्हणतो, "अगं, बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात." हे अंडी देताना सांगायला काय झालं होतं?

तर प्रश्न असे: कोंबडीला परत बसवता येईल का? नाहीतर बल्बवर जमेल का? आणि निघालीच तर कोंबडीच्या पिल्लांबरोबर वाढवता येतात का? फेकून द्यायची सोय नाही. चिरंजीवांनी पेन्सिलीने अंड्यांवर नावं लिहिली आहेत: शेव, भरीत, मांडा, बट्टी, दराबा, फुनका.

शेवभाजी_तिखट | ४ एप्रिल, ८:१४

नावं वाचून जेवायचीच वेळ झाली असं वाटलं. ऑम्लेट करा, विषय संपवा.

गिरणाकाठ | ८:१७

तीन आठवडे उबवलेल्या अंड्याचं? तुम्ही या, तुम्हालाच वाढते.

वाघूरवाला | ४ एप्रिल, ८:३१

ताई, आधी ती अंडी सुती फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा, बाकी नंतर वाचा. घाबरू नका. एकविसाव्या दिवसापर्यंत आतलं पिल्लू बऱ्यापैकी मोठं असतं, स्वतःची थोडी ऊब तयार करतं. तास-दोन तास गार पडल्याने लगेच मरत नाही. पहिल्या आठवड्यात हेच झालं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आता डबा. फळवाल्याकडून किंवा औषधाच्या दुकानातून झाकणाचा थर्माकोलचा खोका आणा. आत एका कोपऱ्यात २५ किंवा ४० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते. बल्बला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घाला, म्हणजे अंड्यांवर झळ थेट येणार नाही. खाली एक आणि वर एक अशी बोटभर भोकं ठेवा, पिल्लाला हवा लागते. वाटीत पाणी आणि स्पंजाचा तुकडा. थर्मोस्टॅटची पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती नसेल तर तुम्हीच थर्मोस्टॅट.

तापमान अंड्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर मोजायचं, खोक्याच्या तळाला नाही. पंखा नसला तर तिथे ३८ ते ३८.५ अंश हवं. कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवला तर ३७.५. थर्मामीटर खरा बोलतो का हे तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघा. माझा पहिला घाणा याच एका चुकीने गेला होता. चिनी काटा दोन अंश कमी दाखवायचा. मी आपला "कमी आहे, कमी आहे" म्हणत वाढवत राहिलो.

आप्पा_शिंदखेडा | ४ एप्रिल, ९:०५

ताई, काय खोका नि बल्ब करी राहिन्यात? कोंबडी काय मशीन शे का? पिल्ला काढी ल्या, तिले डालगाखाल झाका, अंधारमा ठेवा. बठस ती. मनी आजी असंच करे.

(मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी विचारतील.) कोंबडीला अंडी मोजता येत नाहीत आणि दिवसही मोजता येत नाहीत. पिल्लाचा आवाज कानावर पडला की तिचं बसणं सुटतं. म्हणून पिल्लं तिला ऐकू येणार नाहीत इतकी लांब न्यायची. दाणापाणी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. आठवडा काढते ती.

सासर_रत्नागिरी | ४ एप्रिल, ९:२२

माहेर चाळीसगाव, सासर कोकणात. इकडे खुडूक म्हटलं की हसतात, कोंबडी "रवणीला" बसते म्हणायचं. सासूबाईंची रीत अशी की बदकाची अंडी आधी ठेवायची आणि आठव्या दिवशी कोंबडीची अंडी त्यात सारायची. सगळी एकदम फुटतात. आता तुम्हाला सांगून काही उपयोग नाही म्हणा.

आप्पांचं म्हणणं बरोबर, पण पिल्लं आठ दिवस लांब ठेवली तर नंतर ती आपली म्हणेलच असं नाही. आमच्या एका कोंबडीने चोच मारून डोकं फोडलं होतं.

गिरणाकाठ | ४ एप्रिल, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. आप्पांचं ऐकून दुपारी डालगं घातलं. पिल्लं आतल्या खोलीत ठेवली. ती अर्धा तास बसली, मग पिल्लांचा चिवचिवाट ऐकून डालग्यात नुसती नाचायला लागली. एक अंडं घरंगळलं. तडा नाही गेला, नशीब. मग वाघूरवाला भाऊंचा खोका केला. सासऱ्यांनी तुपाचा जुना डबा दिला, त्याला खिळ्याने भोकं पाडली. आता ३८.२ आहे. पिल्लं तांबडीच्या पंखाखाली गेली आणि घर शांत झालं.

चिरंजीव खोक्यासमोर चटई टाकून झोपले आहेत.

निवृत्त_पशुधन | ५ एप्रिल, सकाळी ६:५०

धुळ्याहून. पशुसंवर्धन खात्यात नोकरी झाली. दोन-तीन गोष्टी सांगतो.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. आकडा विषम ठेवायचा कारण रात्रीचा मोठा वेळ दर दिवशी वेगळ्या बाजूला यावा. पेन्सिलीची नावं वरच आहेत, तीच खूण समजा. पेन वापरला नाही हे बरं केलं, कवचाला बारीक छिद्रं असतात. पंचविसाव्या दिवशी, म्हणजे ७ तारखेला फिरवणं बंद. त्यानंतर झाकण उघडायचं नाही आणि पाण्याची वाटी मोठी करायची. तोपर्यंत आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ७० च्या पुढे.

बदकाला दमटपणा कोंबडीपेक्षा जास्त लागतो. बदकीण पाण्यातून येते आणि ओल्या अंगानेच बसते. दिवसातून एकदा अंडी दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारा.

आज रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च पुठ्ठ्याच्या नळीतून अंड्याच्या रुंद टोकाला लावा. या दिवसाला हवेची पोकळी सोडून बाकी अंडं काळं दिसायला हवं. आरपार पिवळं दिसलं तर फळलेलंच नव्हतं. आत रक्ताचं कडं दिसलं तर पहिल्या आठवड्यातच थांबलं. अशी अंडी आजच काढा. सडलेलं अंडं उबेत फुटतं आणि तो वास पंधरा दिवस घरातून जात नाही.

शेवभाजी_तिखट | ५ एप्रिल, ७:३०

अनुभवाचे बोल दिसतात डॉक्टर साहेब.

निवृत्त_पशुधन | ५ एप्रिल, ७:३४

सरकारी क्वार्टरमध्ये. शेजारी तहसीलदार होते.

आप्पा_शिंदखेडा | ५ एप्रिल, ८:१५

पाणी मारायचं आमची आजी पण करायची. चुळकाभर पाणी बोटांनी शिंपडायची. आम्हाला वाटायचं मंत्र म्हणते. टोपलीत कोळसा आणि लोखंडी खिळाही ठेवायची, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. आणि गोल अंडं म्हणजे कोंबडी, टोकदार म्हणजे कोंबडा. खाणाऱ्याला टोकदार द्यायची.

वाघूरवाला | ५ एप्रिल, ८:४०

आप्पा, पाण्याचं मान्य. कोळशाचं सोडा, टोपलीत ठेवल्याने नुकसान काही नाही. पण टोकदार अंड्याचं खरं नाही. मी दोन घाणे तसे वेगळे ठेवून बघितले. दोन्हीत निम्मे-निम्मे.

निवृत्त_पशुधन | ५ एप्रिल, ८:५५

नर-मादी मादीच ठरवते. माणसात बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. अंडं घालण्याआधीच ठरलेलं असतं. उबेचा, आकाराचा, कोळशाचा संबंध नाही.

सासर_रत्नागिरी | ५ एप्रिल, ९:०२

म्हणजे इथे सासूला सुनेला बोलायचा खरा आधार आहे. कोंबड्यांना कळू देऊ नका.

पुण्यात_पण_खान्देशी | ५ एप्रिल, ११:२०

मस्त धागा. माझ्याकडे बाल्कनी आहे आणि मुलीला सुट्टी आहे. दुकानातली अंडी या खोक्यात ठेवली तर पिल्लं निघतील का? "ऑरगॅनिक ब्राउन एग" लिहिलंय.

वाघूरवाला | ५ एप्रिल, ११:३१

रंग तपकिरी असो की हिरवा, कळपात कोंबडा नसेल तर काही निघणार नाही. दुकानातली अंडी बहुतेक पिंजऱ्यातल्या लेअरची (फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची) असतात, तिथे कोंबडा नसतोच. वर फ्रीजमध्ये राहिलेली. उबवायची अंडी आठवड्याच्या आतली, १५ ते १८ अंशांत, टोक खाली करून ठेवलेली हवीत.

पुण्यात_पण_खान्देशी | ५ एप्रिल, ११:४०

मग गावाहून आणतो, अमळनेरहून बसने.

आप्पा_शिंदखेडा | ५ एप्रिल, ११:५२

एप्रिलमध्ये बसने? पुण्याला पोचेपर्यंत बसच खोका होईल. पावसाळ्यानंतर न्या भो.

गिरणाकाठ | ५ एप्रिल, रात्री ९:१५

टॉर्च लावला. फुनका आरपार पिवळा, म्हणजे पहिल्यापासूनच काही नव्हतं. दराब्यात तांबडं कडं. नाकाशी धरला तर वास यायला लागला होता, लांब उकिरड्यात पुरला. चिरंजीव जेवले नाहीत. उरलेली चार काळी आहेत. मांड्याच्या आत काहीतरी हललं! मी नळी हातातून टाकणारच होते.

गिरणाकाठ | ६ एप्रिल, दुपारी ३:२०

घाईत लिहितेय. बल्ब बंद आहे तरी खोक्यात ३९.८. बाहेर ४२ असेल. काय करू?

वाघूरवाला | ६ एप्रिल, ३:२४

झाकण काढा. अंडी बाहेर घ्या, ओल्या फडक्याजवळ ठेवा, अंगावर नको. घरात सगळ्यात गार जागा कुठली?

गिरणाकाठ | ६ एप्रिल, ३:२६

मागची धाब्याची खोली. जुनी आहे, मातीची. पाण्याचा रांजण तिथेच.

वाघूरवाला | ६ एप्रिल, ३:२७

तिकडे न्या. जमिनीवर, रांजणाशेजारी. पळा.

निवृत्त_पशुधन | ६ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

हीच खान्देशातली खरी अडचण, आणि मशीन विकणारा ती कधी सांगत नाही. उबवणीचं यंत्र फक्त तापवतं. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत खोका ठेवला की दुपारी बल्ब बंद असूनही अंडी शिजतात. भ्रूणाला एक-दोन अंश कमी थोडा वेळ चालतं. वर मात्र चालत नाही. ४० च्या वर काही तास म्हणजे संपलं. नुसत्या खोलीत पडलेल्या अंड्यातही अर्धवट वाढ सुरू होते आणि मरते. म्हणून उन्हाळ्यात गोळा केलेली अंडी कमी फळतात आणि लोक कोंबड्याला दोष देतात.

धाब्याचं घर हे यंत्रापेक्षा मोठं यंत्र आहे. शेण-मातीची दीड-दोन फुटांची भिंत, वर मातीचं धाबं. दुपारी तिथे बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा असतो आणि रात्री एकदम थंड पडत नाही.

भुसावळकर_४५ | ६ एप्रिल, ७:००

आमच्याकडे खोका लागतच नाही. ट्रंकेत ठेवा, मेमध्ये आपोआप भाजून निघतील.

सातपुडा_पायथा | ६ एप्रिल, रात्री ८:४५

धडगाव भागात शिक्षक आहे. इथे पाड्यावर एकही घर कोंबडीशिवाय नाही. कोंबडी घरातच, चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात टोपलीत बसते, माणसं तिच्याभोवती वावरतात. सण, पाहुणा, आजार, नवस, सगळ्याला ती लागते. पण कडक उन्हाळ्यात मुद्दाम बसवत नाहीत. बसायला लागली तर दोन दिवस पायाला दोरी बांधून ओसरीत ठेवतात, खुडूक उतरते.

पिल्लांसाठी एक उत्तम गोष्ट इथे शिकलो. मडक्यात सुकं शेण आणि कुजका पालापाचोळा भरायचा, थोडं पाणी शिंपडायचं आणि वारुळाजवळ जमिनीवर पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी उचललं की आत वाळवी लगडलेली असते. पिल्लांसमोर झटकायची. पोल्ट्री फीडला पैसे नाहीत म्हणून सुरू झालेली रीत असेल, पण पिल्लं तशी पळताना बघितली की फीडची गोणी फिकी वाटते.

हौशी_शेततळे | ६ एप्रिल, रात्री १०:१०

ताई, उगाच एवढा त्रास. आमच्या धरणाच्या फुगवट्यात पाणकणसात रानबदकांची अंडी असतात. हवी तर आणून देतो, फुकट.

हतनूर_पक्षीनोंद | ७ एप्रिल, सकाळी ६:२०

कृपा करून नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ती अंडी उचलणं गुन्हा आहे. थापट्या, चक्रवाक वगैरे जी बदकं हतनूर धरणावर हिवाळ्यात दिसतात ती इथे अंडी घालतच नाहीत, उत्तरेकडे परत जाऊन घालतात. इथे घालतात ती हळदी-कुंकू बदक, अडई अशी आपली रहिवासी मंडळी. पाणकणसात जे दिसतं ते यांचंच. मामाकडची पांढरी बदकं ही माणसाने पाळलेली जात, त्यांच्यावर कुणाची हरकत नाही.

हौशी_शेततळे | ७ एप्रिल, ७:०५

माहीत नव्हतं. राहू दे मग.

नवापूरचा | ७ एप्रिल, सकाळी ९:३०

कायद्याचं सोडा, आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. तेव्हा मी विशीत होतो, घरच्या शेडमध्ये कामाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. शेडवाल्यांचं पेपरात आलं, पण म्हाताऱ्या बायकांच्या परसातल्या पाच-पाच कोंबड्या पोत्यात घालून नेल्या, त्यांचं रडणं मला अजून आठवतं. त्याच वर्षी मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही झालं. २०२१ मध्ये पुन्हा नवापूर.

बदक हा त्यात फसवा पक्षी. कोंबडी पटकन मरते, तिचं दिसतं. बदकात विषाणू असला तरी ते धडधाकट फिरत राहू शकतं. म्हणून बदक आणि कोंबडी एकत्र पाळायची असतील तर बदकं रानपक्ष्यांच्या पाण्यावर सोडू नका. मामाच्या शेततळ्यावर रानबदकं उतरतात का, ते विचारा.

आप्पा_शिंदखेडा | ७ एप्रिल, १०:१५

ते दिवस नको रे भाऊ. बाजारात कोंबडी फुकट दिली तरी कोणी घेत नव्हतं.

गिरणाकाठ | ७ एप्रिल, रात्री ९:५०

भावाला विचारलं. हिवाळ्यात उतरतात म्हणाला. म्हणून पिल्लं इथेच ठेवायची, परत शेततळ्यावर पाठवायची नाहीत असं ठरलं.

आज फिरवणं बंद केलं. रात्री लाईट गेली होती दोन तास. दोन बाटल्यांत गरम पाणी भरून खोक्यात ठेवलं, ३७ च्या खाली गेलं नाही. सासरे म्हणाले, "तुझ्या पोराच्या वेळी एवढं जागली नव्हतीस."

गिरणाकाठ | १० एप्रिल, पहाटे ५:३०

मांडा निघाला!!! ओला, विद्रूप, गांडुळासारखा. तासाभरात पिवळा गोंडा झाला. भरीतने चोच बाहेर काढलीय. बट्टीला बारीक तडा. शेव गप्प.

शेवभाजी_तिखट | १० एप्रिल, ६:०२

शेव गप्प म्हणजे माझाच नातेवाईक नाही. अभिनंदन ताई!

गिरणाकाठ | ११ एप्रिल, दुपारी १:००

भरीत काल दुपारी आला. बट्टीने काल सकाळी भोक पाडलंय, तीस तास झाले, पुढे काही नाही. मधून कुईकुई करते. सोलू का?

सासर_रत्नागिरी | ११ एप्रिल, १:०८

सोलू नका. सासूबाई सोलतात आणि दर वेळी मारतात.

आप्पा_शिंदखेडा | ११ एप्रिल, १:१५

सोला. थोडं थोडं. मेली तरी मरणारच होती.

निवृत्त_पशुधन | ११ एप्रिल, १:४०

थांबा. बदकाला पहिला तडा गेल्यापासून बाहेर यायला दीड-दोन दिवसही लागतात. या वेळात पिल्लू स्वस्थ बसून उरलेला बलक पोटात ओढत असतं आणि कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त मागे घेत असतं. आता सोललं तर रक्त येईल. ४८ तास उलटले, पडदा कागदासारखा सुकून पांढरा झाला आणि आवाज क्षीण झाला, तरच कोमट ओल्या कापसाने कड भिजवून बारीक कपची काढायची. लाल रेघ दिसली की थांबायचं.

गिरणाकाठ | ११ एप्रिल, ४:२०

उशिरा वाचलं. एक कपची काढली होती, रक्ताचा थेंब आला. हात थरथरले. ओला कापूस लावून झाकण घातलं.

गिरणाकाठ | १२ एप्रिल, सकाळी ७:००

बट्टी स्वतःच आली. रात्री कधी तरी. पण तिचे पाय दोन्हीकडे फाकलेत, बसलेल्या बेडकासारखे. शेव फुटलाच नाही. टॉर्च लावला, हालचाल नाही. ६ तारखेच्या दुपारीच गेला असेल का?

निवृत्त_पशुधन | १२ एप्रिल, ७:४५

पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटी न फुटण्याची कारणं अनेक असतात, नुसतं बघून सांगता येणार नाही. सहातून तीन, तेही घरच्या खोक्यात आणि खान्देशच्या एप्रिलमध्ये. मी तर चांगलं म्हणेन.

पायांचं आजच करा. खाली वर्तमानपत्र अंथरलंय का? गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि असे फाकतात. गोणपाट किंवा खरखरीत टॉवेल टाका. बँडेजची अर्धा इंच पट्टी घेऊन दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर आठच्या आकड्यासारखे सैल बांधा. दोन-चार दिवसांत सुधारतं. उशीर केला तर हाडं तशीच घट्ट होतात.

गिरणाकाठ | १२ एप्रिल, ७:५८

वर्तमानपत्रच होतं. तेही तुमचंच धुळे आवृत्तीचं.

वाघूरवाला | १२ एप्रिल, ८:३०

आता ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, तो मागेच पडला. कोंबडीच्या पिल्लांत बदकं घालायची का? माझं मत, नाही. बदकाचं पिल्लू पाण्याशिवाय खाऊ शकत नाही, घास आणि घोट असं चालतं. दहा मिनिटांत सगळं अंथरूण चिखल. कोंबडीची पिल्लं त्यात भिजतात, गारठतात, ओल्या तुसात रक्ती हगवण सुरू होते. बदकं मजेत असतात.

पाणी उथळ पण नाकपुड्या बुडतील इतकं, वाटीत गोटे टाकून. पोहायला पंधरा दिवस तरी नको. आईखालची पिल्लं तिच्या पिसांच्या तेलाने वाचतात, खोक्यातली पिल्लं फडक्यासारखी भिजतात. ऊब पहिला आठवडा ३२-३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. अर्थात तुमच्याकडे दिवसा बल्ब लावायची गरज पडणार नाही, रात्री बघा.

नवापूरचा | १२ एप्रिल, ९:१०

खाणं जपून. चिक स्टार्टर चालतो, पण बदकाला नायसिन (ब गटातलं जीवनसत्त्व) जास्त लागतं. कमी पडलं तर पाय वाकतात. दाण्यावर चिमूटभर यीस्ट घाला, उकडलेला मटार द्या. आणि घरचा मका, शेंगदाण्याची पेंड देणार असाल तर वास घेऊन द्या. बुरशी लागलेल्या दाण्यातलं विष बदकाच्या पिल्लाला सगळ्यात लवकर मारतं. १९६० मध्ये इंग्लंडात बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने हजारो टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही. त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. आपल्याकडे पावसात भिजलेला मका "जनावराला चालेल" म्हणून बाजूला काढतात. बदकाला तो नाही चालणार.

कोंबडीच्या पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटा लसीचा थेंब दिला का? मानमोडी आली की घर रिकामं होतं.

गिरणाकाठ | १२ एप्रिल, ९:३०

दवाखान्यात गेले होते. शंभर डोसची बाटली, फोडली की दोन तासांत संपवायची, माझी पिल्लं चार. म्हणाले आणखी लोक जमवा. मग गल्लीत फिरले. अकरा घरांची ८३ पिल्लं निघाली, माझी धरून! परवा सगळ्या बाया टोपल्या घेऊन आमच्या ओट्यावर होत्या. एका आजींनी तर कोंबडाच आणला होता, चार वर्षांचा, "यालेबी दी टाका".

आप्पा_शिंदखेडा | १२ एप्रिल, ९:४१

मंग? दिना का नही?

गिरणाकाठ | १२ एप्रिल, ९:४४

दिना.

पुण्यात_पण_खान्देशी | ३० एप्रिल, सायंकाळी ६:००

धागा वर आणतोय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आलोय. ताई, बट्टी कशी आहे?

गिरणाकाठ | ३० एप्रिल, रात्री १०:३०

पट्टी चौथ्या दिवशी सोडली, आता पळते. जरा तिरकी, पण सगळ्यांच्या पुढे. तिघं चिरंजीवांच्या मागे रांगेने फिरतात. शाळेच्या गेटपर्यंत गेली होती. तांबडीने त्यांना एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं, तिला काही देणंघेणं नाही.

कालपासून म्हशीच्या हौदात सोडते. दहा मिनिटांत पाणी असं होतं की म्हैस तोंड लावत नाही. सासरे चिडलेत. रोज दोनदा हौद धुवायला पाणी कुठून आणू?

सातपुडा_पायथा | ३० एप्रिल, ११:००

हौद नको. घमेलं वापरा आणि ते पाणी लिंबाच्या आळ्यात ओता. आमच्या शाळेतलं लिंबू त्यावरच उभं आहे.

गिरणाकाठ | १२ जून, सकाळी ७:२०

कालच्या पहिल्या पावसात तिघं अंगणात दोन तास उभी होती, माना वर करून. आणि एक बातमी. बट्टीचा आवाज फुटला, गल्लीभर ऐकू जाईल असं क्वॅक करते. मांडा आणि भरीत मात्र घसा बसल्यासारखे घोगरे. डॉक्टर साहेब, म्हणजे ती मादी आणि ते दोघं नर ना?

निवृत्त_पशुधन | १२ जून, ८:०५

बरोबर. मोठा आवाज मादीचा. नराच्या शेपटीवर थोड्या दिवसांत वर वळलेलं पीस येईल, त्याने खात्री होईल. एका मादीला दोन नर मात्र नको, तिला हैराण करतात, मानेची पिसं उपटतात. एक बदलून घ्या.

गिरणाकाठ | १२ जून, ८:२०

भाऊ एक नर घेऊन मादी द्यायला तयार आहे. चिरंजीव म्हणतात, कोणता द्यायचा ते तू ठरव, मी नाही सांगणार.

शेवभाजी_तिखट | १२ जून, ८:२२

मांडा द्या. भरीत घरातच असावं.